मदत हवी आहे : कंबरदुखीत व्यायाम करताना कुठे थांबायचे, हे कसे ओळखता?

नमस्कार. दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले की त्याला जुनाट म्हणतात. माझी कंबर चार वर्षे दुखते आहे, म्हणजे चांगलेच मुरलेले दुखणे. एमआरआयमध्ये मणक्यातील एका गादीला फुगवटा दिसतो, पण असे फुगवटे कंबर अजिबात न दुखणाऱ्यांमध्येही सर्रास आढळतात, असे डॉक्टरांनी समजावले आणि पायांत बधिरपणा, अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीच नसल्यामुळे नियमित व्यायाम करण्यास सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाचा समावेश आहे. त्यामुळे व्यायाम करावा की नाही, हा माझा प्रश्न नाही.

अडचण अशी की दुखणे व्यायामाच्या वेळी येत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी येते. परवा उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलण्याचा व्यायाम दहा वेळा केला. बरे वाटले म्हणून आणखी दहा वेळा केला. काल सकाळी चूळ भरायला बेसिनवर वाकता येईना, एक हात कडेला टेकवून तसेच उभे राहावे लागले. असे झाले की मी चार-पाच दिवस सगळे बंद ठेवतो, दुखणे ओसरताच राहिलेले भरून काढण्याच्या भरात पुन्हा अति करतो आणि पुन्हा आडवा होतो. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, "थोडे दुखले तरी चालेल, दुखले म्हणजे इजा झाली असे नाही." हे डोक्याला पटते, पण कंबरेला पटत नाही, खाली पडलेली किल्ली उचलतानाही माझा श्वास आपोआप रोखला जातो. शिवाय 'थोडे' म्हणजे किती, हे त्यांनाही नेमके सांगता येत नाही (दोष त्यांचा नाही, दुखणे माझे आहे).

ज्यांनी अशा दुखण्यासह वर्षभर तरी व्यायाम टिकवला आहे, त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे की स्नायू आंबल्याचे दुखणे आणि नेहमीचे दुखणे तुम्हाला वेगवेगळे कळते का, आणि दुखऱ्या दिवशी व्यायाम पूर्ण बंद ठेवता की निम्म्यावर आणता. बरे वाटणाऱ्या दिवशी स्वतःला आवरता कसे, हे कोणी सविस्तर लिहिले तर फारच उपयोग होईल. पट्टे, तेले आणि मलमे कृपया सुचवू नयेत. त्यांनी कपाटाचा एक खण आधीच भरला आहे.