फक्त वाजवण्यावर घर चालवायचं आहे: सुपाऱ्यांचा हिशेब, शिट्टी मारणारा माइक आणि कानातलं गुंई

नवी_तार:
आमची तिघांची मंडळी आहे: एक गायिका, एक ॲकूस्टिक गिटार, एक कीबोर्ड. छोटे हॉल, हॉटेलं, घरगुती समारंभ असे कार्यक्रम करतो. साउंड बहुतेक वेळा आमचाच असतो: दोन स्पीकर, एक मॉनिटर (आमच्याकडे तोंड असलेला स्पीकर), आठ चॅनलचा मिक्सर. नोकऱ्या सोडून यावरच राहायचा विचार चालू आहे, पण तीन गोष्टी सुटत नाहीत. एखाद्या महिन्यात ११ सुपाऱ्या, तर एखाद्यात एकच. घरखर्च कसा बसवायचा? आवाज जरा चढवला की गायिकेचा माइक शिट्टी मारतो. आणि कार्यक्रमानंतर गिटारवाल्याच्या कानात रात्रभर गुंई चालू राहतं. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

काळी_तीन:
पैशांचं मी सांगतो. गेल्या बारा महिन्यांच्या सगळ्या सुपाऱ्या कागदावर मांडा आणि प्रत्येक मानधनापुढे तास लिहा. स्टेजवरचे ३ तास, तालीम ३, सामान चढवणं-उतरवणं १, जाणं-येणं २, मांडणी आणि साउंड चेक दीड. झाले साडेदहा. मानधनाला साडेदहाने भागलंत की कुठली सुपारी खरंच परवडते ते कळतं. लांबची मोठी सुपारी कित्येकदा जवळच्या लहान कार्यक्रमापेक्षा तासाला कमी देते.

वाटणी करताना तिघांत चार वाटे करा. चौथा वाटा सामानाचा: केबल, तारा, स्पीकरची दुरुस्ती, गाडीचं इंधन. तो नसला की मिक्सर ज्याचा त्याच्याच खिशाला चाट बसते आणि कुरबुर तिथूनच सुरू होते.

मानधन सगळं एका वेगळ्या खात्यात जाऊ द्या आणि तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कमच उचला: खर्च वजा जाता वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, तोही थोडा हात राखून. ११ सुपाऱ्यांच्या महिन्यात उचल वाढवायची नाही, इथेच बहुतेकांची गाडी घसरते. माझं मत स्पष्ट आहे: त्या खात्यात तीन महिन्यांची उचल साठेपर्यंत नोकरी सोडू नका.

बोलणी तोंडी झाली तरी त्याच दिवशी लेखी मेसेज पाठवा आणि ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत तारीख पक्की धरू नका. त्यात पोचण्याची वेळ, सुरुवात आणि शेवट, मध्यंतरं, साउंड कुणाचा, प्लग पॉइंट स्टेजपासून किती लांब, आगाऊ किती, बाकी कधी आणि कुणाच्या हातून, हे सगळं हवं. ‘७ ते १०’ एवढंच लिहिलं तर यजमान सलग तीन तास समजतो. त्याऐवजी ‘४५ मिनिटांचे तीन भाग, मध्ये २० मिनिटांची दोन मध्यंतरं’ असं लिहा. वाढीव अर्ध्या तासाचा दर आणि आठवडाभर आधी कार्यक्रम रद्द झाला तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, हेही त्यातच. बाकी रक्कम शेवटचा भाग सुरू होण्याआधी मागायची. सामान गाडीत भरून झाल्यावर पैसे देणारा माणूस सापडत नाही.

केबलवाला:
शिट्टीचं कारण एकच: स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. त्यामुळे मिक्सरला हात लावण्याआधी जागा बघा. दोन्ही मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, स्टँडवर त्यांच्या डोक्यांच्या वर. मॉनिटरची जागा माइकच्या जातीवर ठरते. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरून ऐकणारा) बरोबर मागून सगळ्यांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या थेट मागे. सुपरकार्डिऑइड (समोरून आणखी अरुंद ऐकणारा) मात्र मागूनही थोडं ऐकतो. त्याची बहिरी बाजू समोरून सुमारे १२० अंशांवर, म्हणजे मॉनिटर मागे पण तिरका. माइक बदलून मॉनिटर जुन्याच जागी ठेवला की नवा, महागडा माइकही ओरडतो.

मग गाणाऱ्याची सवय. ओठ माइकपासून ५ सेंटिमीटरवरून १० वर गेले की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. तेवढा गेन (मिक्सरवरची माइकची वाढ) वाढवलात की शिट्टी हजर. आणि माइकची जाळी मुठीत धरायची नाही. जाळीमागच्या फटी झाकल्या गेल्या की माइक चारही बाजूंनी ऐकू लागतो. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी हाताशी असलेला आवाज ३ डेसिबलने कमी होतो, म्हणून जो माइक वापरात नाही तो म्यूट.

आता मिक्सर. गाण्याच्या चॅनलवर लो कट (खालचे सूर कापणारी सोय) ८० ते १०० हर्ट्झला लावा. सगळे माइक कार्यक्रमाच्या पातळीवर उघडे ठेवून मॉनिटर हळूहळू चढवा. पहिला सूर घुमला की थांबा. घुमल्यासारखा ‘हूऽ’ असेल तर २५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास शोधा, शिट्टी असेल तर १००० च्या वर, कानाला टोचणारी ‘ईऽ’ असेल तर २००० ते ४०००. ग्राफिक इक्वलायझरची (सूर पट्ट्यापट्ट्यांनी कमी-जास्त करणाऱ्या साधनाची) ती पट्टी ३ डेसिबल खाली घ्या, पुन्हा चढवा, पुढचा सूर पकडा. असे तीन-चार सूर बस. त्याहून जास्त कापलंत तर गाणं डब्यातून आल्यासारखं लागतं. शेवटी मॉनिटर घुमण्याच्या पातळीपासून ६ डेसिबल खाली आणून तिथेच सोडा.

गिटार १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात घुमत असेल तर तो माइकचा दोष नाही, गिटारच्या पोकळीचा आहे. साउंडहोलवर रबरी झाकण बसवा, गिटारच्या प्रीॲम्पवर (तिचा आवाज आधी वाढवणाऱ्या भागावर) फेजचं, म्हणजे आवाजाची लहर उलटवणारं बटण असेल तर दाबून बघा.

शांत_कान:
गुंई हलक्यात घेऊ नका. कानाच्या सुरक्षेचा एक प्रचलित हिशेब असा: ८५ डेसिबलला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. मोजायला फोनवरचं ॲप चालेल. आकडा काटेकोर नसला तरी ९० आणि १०० मधला फरक समजतो. गिटारवाला स्पीकरच्या तोंडाशी उभा असेल तर आधी त्याला तिथून हलवा.

मग इअरप्लग. फोमचे बोळे वरचे सूर फार खातात, गिटार गोधडीखालून आल्यासारखी लागते आणि दोन गाण्यांत माणूस ते काढून टाकतो. वादकांचे फिल्टरवाले प्लग सगळे सूर जवळपास सारखेच खाली आणतात. ते ९, १५, २५ डेसिबलचे मिळतात. तुमच्यासाठी १५ चा पुरेल: १०० चे ८५ होतात. आधी तालमीत चार-पाच वेळा वापरू द्या, एकदम कार्यक्रमात नको. दोन दिवसांत गुंई थांबलं नाही किंवा एका कानाला कमी ऐकू येऊ लागलं, तर लगेच कानाच्या डॉक्टरांकडे.

नवी_तार:
सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी. बॅकिंग ट्रॅकसाठी (आधी रेकॉर्ड केलेल्या साथीसाठी) लॅपटॉप जोडला की हम्म असा आवाज येतो. आणि गिटारवाला नसेल त्या दिवशी बदली वादक घेतला तर गाणी कोसळतात.

केबलवाला:
लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हम्म गेलं तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांतून फिरणारा प्रवाह. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) घालून त्याचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या तारेतली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबा आणि स्टेजचं सगळं सामान एकाच पॉइंटवरून घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून हम्म घालवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. एका हातात तारा आणि ओठ माइकला, अशा वेळी बसलेला शॉक जीव घेतो.

काळी_तीन:
बदली वादकाला गाण्यांची यादी नको, प्रत्येक गाण्याचं एक पान द्या: पट्टी, लय मिनिटाला किती ठोक्यांची, सुरुवात कोण करतो, कडव्यांच्या मध्ये किती मात्रांचं संगीत, आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत शेवट. बदलीची माणसं गाण्याच्या मध्यात सावरतात, चुकतात ती शेवटाला. ओळ तीनदा घेऊन थांबायचं की लय संथ करत सोडायचं, हे पानावर हवंच.

गायिकेच्या गळ्यासाठी पट्टी उतरवली असेल तर पानावर उतरवलेली पट्टीच लिहा. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण दाबून उतरवली असेल तर त्याची बोटं जुन्याच पट्टीत चालतात; ती बघून वाजवणारा नवा गिटारवाला पहिल्याच ओळीत बेसूर होतो. आणि गाणं संपल्याबरोबर ट्रान्सपोज शून्यावर आणायचं, टाळ्या चालू असतानाच.