दिवाळीत "एक लाडू घ्याच" हा आग्रह आता बंद करूया का?

नौपाडा_ठाणे: गेल्या भाऊबीजेला आम्ही चार घरी गेलो. सासूबाईंना डायबिटीस आहे हे सगळ्यांना माहीत, तरी प्रत्येक घरी "अहो सणाचं आहे, एका लाडवाने काय होतंय" करत करत चार लाडू झालेच, नाही म्हटलं तर वाईट वाटेल म्हणून त्या खात राहिल्या आणि मग फार गोड झालं म्हणून रात्री जेवल्याच नाहीत, गोळी मात्र रोजची घेतली. मध्यरात्री दरदरून घाम, हात थरथरतायत, शब्द अडखळतायत. मशीनवर शुगर ५८, म्हणजे फारच उतरलेली. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत चेक केलं तेव्हा कुठे जीवात जीव आला. डॉक्टर म्हणाले लाडवापेक्षा न जेवता घेतलेली गोळी भोवली. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या अभ्यासात देशात १०.१ कोटी डायबिटीसवाले निघालेत, म्हणजे आपल्या ओळखीत कोणीतरी असणारच. फराळ करा, ताट पुढे ठेवा, पण आग्रह नको.

ऐरोलीकर: ताई, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, पण हे पटलं नाही. आमच्या मजल्यावर वर्षभर कोणी कोणाची बेल वाजवत नाही, दिवाळीत मी ताट घेऊन आठ घरी जातो, समोरच्या आजी-आजोबांची मुलं परदेशात, त्यांना कोणीतरी "घ्या हो" म्हणणारं हवं असतं. आणि फराळ चार दिवसांचा. स्टेशनला रोज वडापाव आणि वर कोल्ड्रिंक, ३०० मिलीच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते, त्यावर कोणी धागा काढत नाही.

कोपरखैरणे_१९: आम्ही साखर बंदच केली, सगळं गुळाचं. गुळाने काही होत नाही, बिनधास्त आग्रह करा.

नौपाडा_ठाणे: नाही हो, हेच ऐकून लोक डबल खातात. गुळानेही शुगर वाढतेच. डब्ल्यूएचओ म्हणतं वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, म्हणजे साधारण सहा चमचे, त्यात गूळ आणि मधही धरायचा.

फराळवाली_कळवा: मी नऊ वर्षं फराळाच्या ऑर्डर घेते म्हणून सांगते. "बेक्ड" शंकरपाळी म्हणजे हलकी असं समजू नका, मोहन त्यातही घालावंच लागतं, नाहीतर खुसखुशीत होतच नाही, आणि मैदा-साखर तेवढीच. खरं बघायचं ते तेल. चकली तळताना तेलाला फेस यायला लागला, रंग काळपट झाला की मी ते टाकून देते, कितीही महाग असो. विकणाऱ्यांसाठी नियमच आहे, पोलर कंपाऊंड, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. आणि लाडवाचं म्हणाल तर दोन वर्षं झाली, मी बेसनाचे लाडू सुपारीएवढे वळते. पाहुण्याने एक उचलला तरी घरच्यांचं मन राहतं. आग्रह थांबेल असं मला वाटत नाही, लाडू तरी लहान करा.

नौपाडा_ठाणे: ताई, लहान लाडू मस्तच, पण चार घरी दोन-दोन झाले की परत तेच. ऐरोलीकर, ताट घेऊन जरूर या, फक्त हातात लाडू ठेवून समोर उभं राहू नका. डब्यात द्या, ज्याला झेपेल तो झेपेल तेव्हा खाईल.

ऐरोलीकर: डबा देऊन निघायचं तर कुरियरवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

नौपाडा_ठाणे: निघायचं कशाला, बसा की. बिनसाखरेचा चहा घ्या, मूठभर पातळ पोह्यांचा चिवडा घ्या, तासभर गप्पा मारा. त्या आजी-आजोबांना तुम्ही बसलेलेच हवे असणार. माणूस जोडायला लाडूच भरवावा लागतो हे मला नाही पटत.

कोपरखैरणे_१९: गुळाचं मला खरंच माहीत नव्हतं. बाबांना डायबिटीस आहे, ते रोज जेवणानंतर खडा खातात. आजच बोलते.

ऐरोलीकर: आग्रहावर मी अजून माझ्याच मतावर आहे. पण एक विचारायचंय. माझी आईपण गोड झालं की रात्री जेवत नाही आणि गोळी घेते. आम्हाला वाटायचं ती पथ्य पाळते. सासूबाईंना कुठली गोळी होती?

नौपाडा_ठाणे: गोळीचं नाव इथे नको, प्रत्येकाची वेगळी असते. सगळ्याच गोळ्यांनी एवढी शुगर उतरत नाही, काहींनी उतरते. आईची फाईल घेऊन दिवाळीच्या आत डॉक्टरांकडे जा आणि एवढंच विचारा, जेवण चुकलं तर ही गोळी घ्यायची की नाही. तोवर आईला गोड झालं तरी उपाशी झोपू देऊ नका, वरण-भात तरी खायला लावा.