मदत हवी आहे: मॉडेलमधलं फुफ्फुस पूर्ण रिकामं होतंय

मुलीसोबत श्वसनाचं मॉडेल बनवतोय, नेहमीचंच, प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड कापून तिथे ताणलेलं रबर म्हणजे श्वासपटल, झाकणातून स्ट्रॉ आणि आत दोन फुगे. रबर खाली ओढलं की फुगे फुगतात, इथपर्यंत झकास. झाकणाजवळ हवा लीक होत होती, तिथे क्ले थापलाय.

पण रबर सोडलं की फुगे पार चिपाड होतात, आणि खऱ्या फुफ्फुसात तर कितीही जोर लावून श्वास सोडला तरी मोठ्या माणसात 1 लिटरच्या वरच हवा उरते ना? शिवाय फुफ्फुसावरणाच्या दोन थरांत जरासा द्रव असतो, त्यामुळे फुफ्फुस छातीच्या भिंतीला धरून राहतं, इथे फुग्यांभोवती नुसती हवा. म्हणून बाटलीत पाणी भरून बघितलं, दोनदा, फक्त ओटा भिजला.

बरगड्या हलत नाहीत ते माहितीये, ते चार्टवर लिहू. पंप-बिंप नाहीये, घरातल्या सामानातच बसवायचंय. तर रबर सैल असतानाही फुगे थोडे फुगलेलेच राहावेत यासाठी ते आधी अर्धे फुगवून, स्ट्रॉचं तोंड दाबून धरून मग खालचं रबर बसवलं तर चालेल का?