विणकाम: नवशिकीला पटकन जमतील अशा भेटी सुचवा

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मला सुलट टाका येतो, उलट येतो, टाके घालता आणि बंद करता येतात, बस एवढंच, टाके कमी करणं वगैरे अजून हातात बसलेलं नाही. थंडीत द्यायला काहीतरी छोटं छोटं विणायचंय. ऑफिसातल्या तीन मैत्रिणी आहेत (मुंबईच्या, त्यामुळे स्वेटर-बिटर बाद), भाचा टोरांटोला शिकतोय आणि धाकट्या जावेला जानेवारीत बाळ होणारे. घरात 8 नंबरच्या सुया आणि बऱ्यापैकी जाड लोकर आहे. इंग्रजी पॅटर्नमधली शॉर्टफॉर्म्स वाचूनच दमायला होतं. मफलरने सुरुवात करू का? सगळे तेच सांगतात.

टाकेवाली_मावशी
मफलर नको गं! सोपा असतो हे खरं पण संपत नाही. दीडशे-दोनशे ग्रॅम लोकर खातो, अर्ध्यात कंटाळा येतो आणि सुया कपाटात जातात त्या जातातच. हेअरबँड कर, 30 ग्रॅमच्या आसपास लोकरीत होतो आणि थंडीत कानही झाकतो.

आणि पॅटर्न शोधूच नकोस, हिशोब स्वतः मांड. आधी 24-25 टाके घालून सगळ्या ओळी सुलट असा चारेक इंचाचा तुकडा विण, टेबलावर न ताणता ठेव आणि मधल्या 10 सेंमीत किती टाके बसले ते मोज. 8 नंबरवर जाड लोकरीचे साधारण 20 बसतात, हात घट्ट असेल तर 22 होतील, सैल असेल तर 18, म्हणून तर मोजायचं. 20 आले म्हणजे सेंमीला 2, तर 9 सेंमी रुंद पट्टीला 18 टाके, संपला हिशोब. लांबी डोक्याच्या घेरापेक्षा पाचेक सेंमी कमी ठेव, कारण विणलेलं ताणतं. मोठ्या बाईचं डोकं 55-56 सेंमी असतं, तू 50 ला थांब. सगळं सुलटच का, तर एक ओळ सुलट एक उलट केलंस की दिसतं सुंदर पण कडा वळून पट्टीची सुरळी होते.

जोडताना नुसती टोकाला टोक शिवू नकोस. दोन्ही टोकं उभी अर्धी दुमड, मग एका टोकाच्या घडीत दुसऱ्याचा अर्धा भाग जाईल अशी एकमेकांत अडकव, चार पदर होतात, ते सगळे एकत्र शिवून टाक आणि उलटव. कपाळावर मस्त पीळ पडतो, बघणाऱ्याला वाटतं काय भारी डिझाइन आहे, असते ती साधी पट्टी!

कोथरूडचा_काका
मावशींना अनुमोदन. फक्त एक, आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात, 8 नंबर म्हणजे 4 मिमी. अमेरिकन पॅटर्नमधला 8 नंबर 5 मिमी असतो. शिवाय आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. नंबर सोडा, मिमी बघा. (होय, पुरुषही विणतात, आधीच सांगून ठेवतो.)

बर्फातला_कोकणी
भाच्यासाठी मी बोलतो, कारण इथेच राहतो. पोरगा ते वॉशिंग मशिनमध्ये टाकणार आणि मग ड्रायरमध्ये, हे धरूनच चला. शंभर टक्के साधी लोकर त्यात आटून नमद्यासारखी होते, म्हणून ॲक्रिलिक किंवा मशीनवॉश लिहिलेली लोकर घ्या. दुसरं म्हणजे वारा. विणीच्या भोकांतून कानाला झोंबतो, म्हणून त्याची पट्टी दुप्पट रुंद विणा आणि उभी दुमडून शिवा, डबल पदर झाला की काम होतं. जोडताना पीळ नको मात्र, डबल पदरात त्याचा गठ्ठा होतो आणि वरून जॅकेटचं हुड बसत नाही. रंग काळा किंवा ग्रे, बाकी तो घालणार नाही.

गोदाकाठ
हा हा, ग्रेच घेते. मावशी, मुंबईच्या मैत्रिणींना हेअरबँड काय कामाचा पण? घामाने जीव जाईल.

टाकेवाली_मावशी
अगं पण ऑफिसात एसी किती असतो! कीबोर्डवर बोटं गारठतात त्यांची. बिनबोटांचे हातमोजे दे, तेही चौकोनच. 36 टाके घाल, दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डरची वीणच शेवटपर्यंत ठेव, 17 सेंमी झालं की टाके सैल बंद कर (घट्ट केलेस तर हात आत जाणार नाही). मग बाजू शिव, मनगटाकडून 9 सेंमी शिवायचं, चारेक सेंमी अंगठ्याला मोकळं सोडायचं, उरलेलं शिवायचं. 50 ग्रॅमच्या गुंडीत जोडी होते. मुंबईला सुती दोराही चालेल पण सुती परत आवळत नाही, सैल पडतो, मी तरी ॲक्रिलिकच घेईन.

जाईजुई
बाळंतविड्याला माझ्याकडून टोपी, टाके कमी न करता. मऊ बेबी लोकर आणि 10 नंबरच्या सुया घे, घरातली जाड लोकर टोचेल. परत तुकडा विणून मोज. समज 10 सेंमीत 26 आले तर 30 सेंमीला 78, बॉर्डरला चारने भाग जायला हवा म्हणून 80 घाल. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं 34-35 सेंमी असतं, 30 ताणून बरोबर बसते. तीन सेंमी बॉर्डर, पुढे सगळं सुलट, एकूण 15 सेंमी झालं की बंद. दुमडून मागची आणि वरची शिवण घाल, डोक्यात घातली की वरचे दोन कोपरे मांजरीच्या कानांसारखे उभे राहतात. बटणं, मणी, लांब नाड्या काही लावू नकोस, बाळ तोंडात घालतं. आणि पायमोजे केलेस तर जाळीची वीण नको, बोटं अडकतात.

गोदाकाठ
कान फारच गोड! बेबी लोकर उद्याच आणते. शेवटचं, देण्याआधी इस्त्री करायची का?

कोथरूडचा_काका
ॲक्रिलिकवर अजिबात नाही, वीण चपटी होते ती कायमची. कोमट पाण्यातून काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका, आणि आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलंत तर हेअरबँडचा मफलर होईल.

टाकेवाली_मावशी
आणि लेबल फेकू नकोस, धुवायचं कसं ते त्यावर असतं. पाकिटात सोबत घाल.