प्राडा : १९१३ चा वारसा म्हणे! खरी कंपनी तर १९७८ ची

सरळसोट
प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पर्सवरच्या त्रिकोणी बिल्ल्यात १९१३ हे साल असतं. लाखाच्या वर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं, शंभर वर्षांची कारागिरी घरी आली. माझं म्हणणं, ते साल दुकानाचं आहे, कंपनीचं नाही.

१९१३ मध्ये मारिओ प्राडा आणि त्याचा भाऊ मार्तिनो यांनी मिलानच्या गॅलेरिया व्हित्तोरिओ इमान्युएले या बाजारपेठेत दुकान काढलं. चामडी सामान, प्रवासाच्या ट्रंका, शिवाय इंग्लंडहून मागवलेला माल. १९१९ मध्ये ते इटलीच्या राजघराण्याचे पुरवठादार झाले, म्हणून चिन्हात साव्हॉय घराण्याची ढाल आणि गाठींचा दोर आला. १९४६ च्या सार्वमतात इटलीने राजाला घरी बसवलं, ढाल अजून मिरवतेय!

पुढची काही दशकं हे एक नावाजलेलं दुकान, बस्स. जग आज जिला प्राडा म्हणतं ती कंपनी मारिओची नात मिउच्चाने १९७८ मध्ये कारभार हाती घेतल्यावर उभी राहिली. आणि गाजली ती नायलॉनवर, १९८४ च्या काळ्या पाठपिशवीने. लष्करी सामानाला वापरतात तसलं कापड आणि किंमत चामड्याची. आजोबांच्या पुण्याईवर नातीचा माल खपतोय.

मुक्ताफळ
आजोबा आणि नात, मधली आई कुठे गेली? बायकांनी धंद्यात पडू नये असं मारिओचं मत होतं. मुलाला दुकानात रस नव्हता, तेव्हा नाइलाजाने त्याची मुलगी, म्हणजे मिउच्चाची आई लुइसा गल्ल्यावर बसली आणि तिने जवळपास वीस वर्षं ते चालवलं. मिउच्चा तेव्हा राज्यशास्त्रात डॉक्टरेट करत होती, कम्युनिस्ट पक्षात होती, पिकोलो थिएटरमध्ये मूकाभिनय शिकत होती. लुइसाने कंटाळून कुलूप लावलं असतं, तर हिला मोक्याची जागा आणि बांधलेली गिऱ्हाइकं कुठून मिळणार होती? वारसा म्हणजे वेगळं काय असतं?

सरळसोट
लुइसाबाईंना दंडवत. पण दुकान टिकवणं वेगळं आणि हातातली कला टिकवणं वेगळं. मिउच्चाला भेटलेला पात्रित्सिओ बेर्तेली (पुढे नवरा) टस्कनीतला, स्वतःचा चामड्याचा कारखाना असलेला. इंग्लंडचा माल बंद करा, जुन्या ट्रंकांचा ढाचा बदला, हा सल्ला त्याचा. म्हणजे उत्पादनाची खरी घडी बसवली ती बाहेरून आलेल्या माणसाने.

चर्मचक्षू
मी पर्सचा माल करून घेतो, म्हणून नायलॉनवर बोलतो. 'नायलॉन म्हणजे स्वस्तातलं काम' हे न शिवलेल्या माणसाचं मत आहे. पातळ नायलॉन मशीनखाली सरकतं. दोऱ्याचा ताण जरा वाढला की शिलाईला चुण्या पडतात, आणि त्या काढायला गरम इस्त्री फिरवली तर कापडच आक्रसतं. चामडं चिकटवता येतं, ठोकून बसवता येतं, कडा रंगवून मोकळं होता येतं. नायलॉनच्या कडेचे धागे सुटतात, प्रत्येक कड पट्टीत बंद करावी लागते. काळ्या साध्या पिशवीत चूक लपवायला जागाच नसते. तेव्हा कारागिरी नाही असं म्हणू नका.

पण म्हणून तिचे लाख रुपये होत नाहीत, हेही धंद्यातला माणूस म्हणूनच सांगतो.

पंचगंगाकाठ
तुमचं नायलॉन चालू द्या राव. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये ह्याच कंपनीनं कोल्हापुरी पायताणं रॅम्पवर आणली आणि वर्णन काय, तर 'लेदर सँडल'! कोल्हापूरचं नाव न्हाई. महाराष्ट्र चेंबर ह्या व्यापारी संघटनेनं पत्र धाडलं, तेव्हा कुठं तोंडातनं शब्द फुटला. २०१९ पासनं भौगोलिक मानांकन आहे चपलेला, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे धरून. इंग्लंडच्या ट्रंका, लष्कराचं कापड, आमची चप्पल. दुसऱ्याचं उचलायचं आणि आपला शिक्का मारायचा, हाच ह्यांचा वारसा. मग १९१३ साल बरोबरच हाय की!

मुक्ताफळ
वाक्य टाळ्यांचं आहे, पण ट्रंका त्यांनी पैसे मोजून आणल्या होत्या, उचलल्या नव्हत्या. चपलेच्या बाबतीत चूक झाली, निर्विवाद. पुढचंही सांगा ना. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे २,००० जोड इथल्याच कारागिरांकडून, किंमत जोडीला ८०० युरोच्या घरात. आपल्या मॉलमधले ब्रँड कोल्हापुरी विकताना कारागिराचा उल्लेख तरी करतात का?

पंचगंगाकाठ
बोंब झाल्यावर नाव घेतलं, त्याचे उपकार कसले? कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमवायचं, तळ कापायचा, कान बसवायचे, वेणी घालायची, आणि एक खिळा न मारता चामड्याच्या वादीनं शिवायचं. वेणीचं काम तर घरोघरी बायकांच्या हातचं. त्यांचं नाव अजून कोण घेतंय?

तिरकस_वाणी
तुम्ही सगळे वारशावर भांडताय, कंपनीने तो केव्हाच ताळेबंदात टाकलाय. १९९९ च्या सुमारास हेल्मुट लँग आणि जिल सँडर हे फॅशन ब्रँड, 'चर्चेस' ही इंग्लिश बूट कंपनी, एलव्हीएमएच या फ्रेंच कंपनीच्या जोडीने फेंडी या इटालियन ब्रँडमधला हिस्सा, अशी खरेदी करून कर्जाचा डोंगर केला. फेंडीचा हिस्सा २००१ मध्ये विकला, लँग आणि सँडर २००६ मध्ये. शेअर बाजारात उतरले २०११ मध्ये, तेही मिलान सोडून हाँगकाँगला. आणि २०२५ मध्ये परत हौस, सव्वाशे कोटी युरोंना 'वर्साची' हा इटालियन ब्रँड घेतला. आजोबांचं साल भागधारकांना दाखवायला बरं असतं!

चर्मचक्षू
@पंचगंगाकाठ, नावापेक्षा एक गोष्ट आधी विचारून घ्या. सालीत कमावलेल्या कातड्याचा रंग जोडीजोडीत एकोणीस-वीस निघतोच, डाव्या-उजव्या पायातसुद्धा. परदेशी तपासनीस नमुना हातात धरून बसतो आणि असे जोड बाजूला काढतो. त्या रिजेक्ट मालाचे पैसे कुणी सोसायचे, महामंडळाने की शिवणाऱ्याने? पहिल्या ऑर्डरमध्ये माणूस तिथेच बुडतो.