मदत हवी आहे: जुन्या कॉमिकच्या गंजलेल्या पिना काढू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी. ‘२००० एडी’ या ब्रिटिश विज्ञानकथा साप्ताहिकाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या ४० अंकांबद्दल विचारतोय. (पहिला अंक फेब्रुवारी १९७७चा, त्यातला गाजलेला नायक जज ड्रेड आला तो दुसऱ्या अंकात.) कागद वर्तमानपत्री, म्हणजे लिग्निन (लाकडातलं, कागद पिवळा पाडणारं द्रव्य) भरपूर, त्यामुळे कडा पिवळ्या पडणारच. ते मान्य आहे. खरी काळजी मधल्या घडीतल्या पिनांची. पुण्याच्या पावसाळी दमटपणात त्या गंजल्यात, भोवती तांबूस वर्तुळ उमटलंय आणि तिथला कागद बोट लागताच भुगा होतो. पान सुटतं ते नेमकं तिथूनच.

पिनेचे पाय मागून बोथट पट्टीने सरळ करायचे, पुढून न ओढता हळूच वर उचलायची, गंजाची भुकटी मऊ ब्रशने झटकायची, इथवर ठीक. पुढे काय? त्याच भोकांतून स्टेनलेस स्टीलची पिन घालावी, की सुती दोऱ्याने सैल टाका? मला दोरा बरा वाटतो, तो कागद कापत नाही. पण दोऱ्याला कसर लागते का? भोकं फाटली असतील तिथे जपानी कागद (दुरुस्तीसाठी वापरतात तो पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाची पातळ खळ चालेल ना? सेलोटेप कृपया सुचवू नका, त्याचा डिंक कागदात उतरून कायमचा डाग पडतो.

पिशव्या पॉलिप्रॉपिलिनच्याच घेणार, पीव्हीसी नको. मात्र पाठीमागे ठेवायला आम्लमुक्त पुठ्ठा अप्पा बळवंत चौकात किंवा रविवार पेठेत सुटा मिळतो का? जून तोंडावर आलाय, त्याआधी काम उरकायचंय.