संचालक बदलला तर चित्रांना काय फरक पडतो म्हणे!

तैलरंग:
काल इथं एकानं लिहिलं, "एनजीएमएत संचालक येतात नि जातात, भिंती त्याच. उगाच गळे काढू नका." (एनजीएमए म्हणजे आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी, केंद्र सरकारची; इथं मुंबईतली.) डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, भिंतीवर कुणाला लावायचं हे कोण ठरवतं? ती ज्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे, तिथं पूर्वी बॉक्सिंग व्हायचं, लग्नं लागायची, चामड्याच्या वस्तूंचे सेलसुद्धा. शिल्पकार पिलू पोचखानावाला, कलादालन चालवणारे केकू गांधी यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले, तेव्हा कुठं १९९६ला गॅलरी उघडली. सुरुवातीला सरयू दोशी संचालक, म्हणजे कलेतलं माणूस. पुढं एका टप्प्यावर नेहरू विज्ञान केंद्राच्या संचालकांकडे 'अतिरिक्त कार्यभार'! माणूस कर्तबगार असेल हो, पण एक पाय वरळीत, एक फोर्टात.

निवांत_नाना:
ते लिहिणारा मीच. त्या अतिरिक्त कार्यभाराच्या काळातच मी तिथं सगळ्यात जास्त वेळा गेलो, याचं काय करू? कलेतलं माणूस आणलं की त्याचा कंपू येतो. विज्ञानवाल्याला निदान कंपू नसतो.

कॅनव्हासताई:
नाना, तुमची फाईल कधी अडकली नाही वाटतं. एका सरकारी दालनात (नाव नको) माझा प्रस्ताव मंजूर झाला होता, तोंडी. साहेब बदलले. नवे म्हणाले, "आधीच्यांनी काय शब्द दिला ते मला ठाऊक नाही." १४ चित्रं पॅक करून ठेवलेली, पावसाळ्यात ६ चित्रांना बुरशी आली. भिंती मात्र त्याच होत्या, बरं का.

रीगलचा_चहा:
यावर उपाय म्हणजे स्थानिक चित्रकारांची सल्लागार समिती. साहेब बदलला तरी शब्द राहतो. एनजीएमएत तशी होती, ती गेली म्हणून तर ८ फेब्रुवारी २०१९ला तिथं चित्रकार बर्व्यांच्या प्रदर्शनात अमोल पालेकर बोलले, आणि त्यांना मध्येच थांबवलं.

निवांत_नाना:
आले पालेकर! प्रदर्शन प्रभाकर बर्व्यांचं, माणूस जाऊन २३ वर्षं झालेली, आणि भाषण केंद्राच्या संस्कृती मंत्रालयावर. बारशाला जाऊन भाऊबंदकी काढायची का?

रीगलचा_चहा:
मग कुठं बोलायचं? दिल्लीला अर्ज करून? पालेकर स्वतः जेजे कलाशाळेचे, चित्रकार. त्याच इमारतीबद्दल, त्याच लोकांसमोर बोलले.

तैलरंग:
धागा संचालकांबद्दल आहे...

गिरगावकर:
मी होतो त्या संध्याकाळी. भाषण लांबलं होतं हे खरं. पण "विषयावर बोला" हे ज्या सुरात सांगितलं, तो सूर शाळेतला होता. माझ्या शेजारचे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "बोलू द्या की." समितीची मुदत संपली होती, असं गॅलरीचं म्हणणं. संपली तर दुसरी नेमून मग पहिलीला निरोप द्यायचा, एवढं साधं.

निवांत_नाना:
आणि चित्रकार सुधीर पटवर्धन, मेहली गोभाईंची तिथली प्रदर्शनं रद्द झाली म्हणून जी बोंब ठोकलीत? दोन्ही झाली. मी पाहिली.

रीगलचा_चहा:
बोंब ठोकली म्हणूनच झाली असतील.

निवांत_नाना:
याला पुरावा?

रीगलचा_चहा:
तुमच्याकडे उलट पुरावा आहे का?

कॅनव्हासताई:
भांडा. मी सहा चित्रं पुसत बसते.

तैलरंग:
रस्ता ओलांडून समोर बघा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय विश्वस्तांचं. सदाशिव गोरक्षकर तिथंच वाढले, दोन दशकं संचालक राहिले. २००७पासून सब्यसाची मुखर्जी. तिथं प्रत्येक नेमणुकीसाठी दिल्लीकडे डोळे लावावे लागत नाहीत.

गिरगावकर:
मुखर्जींचं काम मोठंच आहे. पण इतकी वर्षं एकच माणूस, तर तिथं 'बदल' म्हणजे काय हे कळणार कधी? खालच्या क्युरेटरनं केस पांढरे होईस्तोवर थांबायचं?

तैलरंग:
हं. हे मात्र मला सुचलं नव्हतं.

निवांत_नाना:
चला, आज तैलरंगांना काहीतरी सुचलं नव्हतं, नोंद घ्या. बरं, पूर्णवेळ संचालक हवा, मान्य. समितीही असू दे. त्यात पालेकर नकोत.

रीगलचा_चहा:
नाना, ते कधी समितीत होते?